पंधरा गुंड्या

आमच्या खेळात उडणं स्वस्त होतं. आठ गुंड्या टाकल्या की कोणीही उडू शकायचं. ऊन न लागणं मात्र तीस गुंड्यांना होतं, आणि तरी त्याला गिऱ्हाईक कमी नव्हतं. पुण्यात हे सांगितलं की लोक हसतात, असं आमच्यातला पुण्याला गेलेला मला म्हणाला. हसू देत. त्यांनी मे महिन्यात एकदा भर दुपारी गडचांदूरच्या बसस्टँडवर गाडीची वाट पाहावी आणि मग काय हसायचं ते हसावं.

खेळ कोणता ते आधी सांगायला पाहिजे, कारण आमच्याकडे नुसतं खेळ म्हटलं की लोकांना कबड्डी नाही तर मोबाइल आठवतो. हा टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायचा खेळ. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गोष्ट सांगतो आणि संकटं उभी करतो. बाकीचे आपापला एक नायक घेऊन त्या गोष्टीत शिरतात. माझा नायक आता भिंत फोडतो, माझी नायिका आता छतावर चढते, असं सांगत पुढे जातात, आणि भिंत फुटली की नाही ते फाशावर ठरतं. नायक सगळे अचाट शक्तीचे, पण शक्ती फुकट मिळत नाही. प्रत्येकाला सुरुवातीला शंभर गुण मिळतात, त्यात काय परवडेल ते घ्यायचं. एखादी कमजोरी आपणहून अंगावर घेतली तर तिचे काही गुण वरून मिळतात, मग त्यात आणखी एखादी शक्ती बसवता येते. आमच्याकडे गुण म्हणजे शर्टाच्या गुंड्या होत्या, कारण आम्ही टेलरच्या दुकानात खेळायचो.

दुकान माझ्या मित्राच्या वडलांचं. खाली मशिनी, आणि लाकडी जिन्याने वर गेलं की कापड बेतायचं मोठं टेबल. रविवारी दुपारी ते रिकामं असायचं. त्याच्यावर आम्ही कापडाच्या खडूने नकाशे काढायचो, आणि सोमवारी सकाळी कोणाच्या तरी पँटच्या कापडाला मागून नदी लागलेली असायची. एका पोरीने तीन पोरांसोबत कुठेही बसणं आमच्या गावात तेव्हा शक्य नव्हतं, पण टेलरकडे पोरी जातातच. ज्या वर्षी मी सगळ्यात जास्त वेळा टेलरकडे गेले त्या वर्षी माझ्या अंगावर एकही नवा ड्रेस आला नाही, हे आमच्या मोहल्ल्यातल्या एकाही चौकस बाईच्या लक्षात आलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

तर आम्ही चौघं. एक हा टेलरचा मुलगा, जो आता स्वतःच टेलर आहे. दुसरा सावली तालुक्याकडचा, धानाची शेती असलेल्या घरचा, पॉलिटेक्निकसाठी आमच्या गावात खोली करून राहिलेला. तिसरा सिमेंट कंपनीच्या कॉलनीतला, इंजिनिअरचा मुलगा. चौथी मी. कॉलनीतल्याने त्याच्या चुलतभावाकडून कुठल्यातरी परदेशी खेळाची झेरॉक्स आणली होती. तीत शक्तींची भलीमोठी यादी होती, नियम होते, पण किमतींची पानंच नव्हती. कोणीतरी झेरॉक्स काढताना आळस केला असणार. त्या आळसातून आमचा खेळ जन्मला.

पहिले काही रविवार नुसती भांडणं झाली. ज्याला जे हवं ते त्याला स्वस्त हवं असायचं. शेवटी टेलरने तोडगा काढला. एखाद्या शक्तीची किंमत ठरवायची तर प्रत्येकाने सांगायचं, मागच्या आठवड्यात ती आपल्याला कुठे लागली असती. खरं सांगायचं, घडलेलं सांगायचं. जितक्या जणांना आणि जितक्या वेळा खरोखर लागली असती, तितकी ती महाग. कोणालाच लागली नसती तर मातीमोल. कमजोरीचंही तसंच. ती घेणाऱ्याने सांगायचं, मागच्या आठवड्यात आपण तिच्यापायी कुठे अडलो. अडलोच नसलो तर तिच्या बदल्यात एकही गुंडी मिळणार नाही.

उडण्याची वेळ आली तेव्हा चौघांपैकी कोणालाच काही आठवेना. उडून जायचं कुठे? कॉलनीतला म्हणाला, वरून गाव पाहिलं असतं. काय दिसलं असतं, विचारलं, तर कंपनीची चिमणी आणि धूर. सावलीकडचा म्हणाला की जंगल वरून पाहिलं तर नुसता पाला दिसतो, त्यात काय पाहायचं. म्हणून आठ. उन्हाबद्दल बोलायला लागलो तेव्हा चौघंही एकाच वेळी बोलायला लागलो.

या रीतीची एक गंमत आमच्या फार उशिरा लक्षात आली. किमती ऋतूप्रमाणे बदलायच्या. जानेवारीत नवा नायक तयार केला की ऊन न लागणं पाच गुंड्यांत मिळायचं. सावलीकडचा हे बरोबर हेरून थंडीत नायक बनवायचा आणि उन्हाळ्यात मिरवायचा. टेलर ईदच्या आधी आणि लग्नसराईत चार हातांची किंमत वाढवून मागायचा, कारण त्याला दोन पुरत नसायचे. चिखलात पाय न रुतता चालणं धानाच्या रोवणीच्या दिवसांत चाळिसाच्या वर जायचं आणि दिवाळीनंतर त्याला कोणी विचारत नसे. मग आम्ही ठरवलं की ज्याची किंमत ठरवायची ते ज्या महिन्यात सगळ्यात जास्त छळतं, त्या महिन्यात ठरवायची, आणि मग ती बदलायची नाही. पिवळ्या खाकी कागदावर, ज्यावर टेलर लोक माप काढून ठेवतात, मोठ्या अक्षरांत आमच्या किमती लिहून तो भिंतीला ठोकला. असा कागद जगात दुसऱ्या कुठल्या गावात तयार झाला नसता. मला त्याचा गर्व होता, आणि तो मी लपवत नाही.

माझी नायिका धूळ ओढून घ्यायची. आमच्या बाजूला खाणीत दुपारी सुरुंग उडतात, भांडी वाजतात, आणि थोड्या वेळाने वाळत घातलेल्या कपड्यांवर, माठाच्या झाकणावर, भातावर, सगळीकडे पांढरट थर बसतो. माझी बाई एक श्वास घ्यायची आणि अख्ख्या गावातली धूळ तिच्या छातीत. मग ती दुष्टांवर सोडायची. या शक्तीचे साठ गुण. कॉलनीतल्याला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, त्यांच्याकडे झाडांवर रोज पाणी मारत असत. बाकी तिघांच्या मतावर किंमत ठरली. धुळीसोबत मी ऊन घेतलं, चिमणीच्या टोकावर जायला उडणंही घेतलं. अजून मला सुरुंग उडायच्या आधीच तो ऐकू येण्याची शक्ती हवी होती, पण गुंड्या संपल्या. पंधरा कमी पडल्या. म्हणून मी कमजोरी घेतली. घरी वाट पाहणारं माणूस आहे, ही.

ही माझ्या घरातूनच उचललेली होती. वडील मी लहान असतानाच गेले. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असताना आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि तोंड वाकडं झालं. जेवू घालायला शेजारची काकू यायची, तेवढ्याचं फारसं अडत नव्हतं. अडत होतं ते संध्याकाळी. आई जन्मभर दिवेलागणीला बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणत आलेली. आता तिच्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते, नुसता घोगरा आवाज यायचा, आणि तसं अर्धवट म्हणणं तिला मान्य नव्हतं. मी शेजारी बसून मोठ्याने म्हणायची आणि ती त्या आवाजात आपला आवाज मिसळायची. मग तिला वाटायचं की आपण पूर्ण म्हटली. काकू म्हणून पाहायची, पण तिच्यासोबत आई तोंड उघडत नसे. एकदा मला उशीर झाला. घरी गेले तर आत अंधार. आई तसबिरीपुढे बसलेली, डाव्या हातात काडेपेटी. एका हाताने काडी ओढता येत नाही. तिने बटनही दाबलं नव्हतं, कारण आधी मेणबत्ती आणि मग लाइट, असा तिचा क्रम. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. त्यानंतर मी कधी उशीर केला नाही.

टेलरच्या टेबलावर मला रीतीप्रमाणे प्रश्न आला, मागच्या आठवड्यात कुठे अडलीस. त्याच आठवड्यात माझं नागपूरला एमएस्सीला नाव लागलं होतं, आणि मी जाणार नसल्याचं कळवून आले होते. तेव्हापर्यंत मी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. तिथे सांगितलं, कारण खरं सांगायचा नियम होता. मग कॉलनीतल्याने डबा पुढे ओढला आणि एक एक करून पंधरा गुंड्या माझ्यापुढे ठेवल्या. कमजोरीला इतक्या गुंड्या आमच्यात आधी कधी मिळाल्या नव्हत्या आणि नंतरही मिळाल्या नाहीत. किंमत त्याने ठरवली होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

मग खेळात असं व्हायचं की मशिदीत संध्याकाळची अजान झाली की टेलर नमाजाला जायचा आणि मी घरी. माझी नायिकाही गोष्टीतून उठून जायची. दुष्टाला हे माहीत असल्याने तो नेमका दिवेलागणीला हल्ला करायचा. सावलीकडचा मला चिडवायचा, तुझी बाई सरकारी नोकरीत आहे, सुट्टी झाली की निघते. मी हसायची. मला ते आवडायचं सुद्धा. माझं जे रोजचं अडणं होतं, ते इथे निदान मोजलं जात होतं, आणि त्याच्या बदल्यात मला सुरुंग ऐकू यायचे.

कॉलनीतला पुण्याला गेला. सावलीकडचा वनरक्षक झाला, आता आरमोरीकडे असतो. मी गावातल्याच एका लॅबमध्ये लागले, रक्त-लघवी तपासते, आणि पाच वाजता सुटते. पाचला सोडायचं, ही नोकरी घेताना माझी एकच अट होती, आणि त्या अटीपायी पगार काय मिळाला ते विचारू नका. आम्ही तिघं जमेल त्या रविवारी खेळत राहिलो. पुण्याचा फोनवर असायचा. तिकडे त्याने आपल्या मित्रांना आमचा खेळ शिकवला. त्यांना आवडला. मग त्याचं पुस्तक काढायचं ठरलं, चौघांच्या नावाने. ऐकून मी आठवडाभर हवेत होते, आठ गुंड्या न टाकता.

गेल्या थंडीत आई गेली. पुण्याहून मोबाइलवर हात जोडलेलं चित्र आलं, आणि खाली लिहिलं होतं की निवांत फोन करतो. निवांत फोन आला तो महिन्याभराने, पुस्तकाबद्दल. किमती नव्याने लावाव्या लागतील, म्हणाला.

एप्रिलमध्ये तो आला. म्हणजे ऑफिसच्या लोकांसोबत ताडोबाला वाघ पाहायला आला, आणि वाघ दिसून झाल्यावर गाडी करून एक दिवस आमच्याकडे. त्याचे आईवडील निवृत्तीनंतर कॉलनी सोडून गेले, त्यामुळे गावात त्याचं आता आमच्याशिवाय कोणी नव्हतं. वनरक्षक सकाळीच मोटरसायकलने निघून चेहरा लाल करून पोचला. टेलरने टेबल पुसून ठेवलं, गुंड्यांचा डबा काढला. पुण्याच्याने डब्याशेजारी लॅपटॉप ठेवला. भिंतीवरच्या कागदाचा त्याने फोटो काढला, म्हणाला, हा पुस्तकात टाकू, आठवण म्हणून. आठवण म्हणून, हे शब्द मला तेव्हाच खटकले होते.

त्याचं म्हणणं असं की तिकडे दोन वर्षं वेगवेगळ्या लोकांसोबत खेळून त्याने पाहिलं, आमच्या किमतींनी खेळ एका बाजूला कलतो. उडणं आठ गुंड्यांत मिळतं म्हणून प्रत्येक जण उडतो. उडणाऱ्याला पकडता येत नाही, मग खेळात मजा काय राहिली? म्हणून उडणं आता तीस. ऊन न लागणं कोणी घेतच नाही, म्हणून ते पाच. मी म्हटलं, तुमचे नायक एसीत लढतात काय? तो हसला आणि पुढच्या ओळीवर गेला. चिखलात न रुतणं तर त्याने यादीतूनच काढलं. असल्या गोष्टी वर्णनात घ्या, म्हणाला, त्यांना गुण कशाला. ही वनरक्षकाची शक्ती होती, त्याच्या घरच्या धानाच्या बांध्यांतून आलेली. तो काही बोलेल असं मला वाटलं. पण त्याला दुसरंच हवं होतं. त्याच्या भागात हल्ली रानहत्ती येतात, मागच्या आठवड्यात त्यांच्या मागे मशाली घेऊन सगळे धावले होते. हत्तींना परत फिरवायची शक्ती पाहिजे, म्हणाला. पुण्याच्याने सांगितलं की जनावरांवर हुकूम यात ते येतं, वीस गुण. वनरक्षक खूश झाला. मला त्याच्या खूश होण्याचा राग आला. ज्याचं काढून घेतलं त्यानेच मान डोलावली तर दुसऱ्याने कुठल्या तोंडाने भांडायचं?

मग कमजोऱ्या आल्या. घरी वाट पाहणारं माणूस, याच्यासमोर त्याने शून्य लिहून ठेवलं होतं. आधीच लिहून आणलं होतं.

कारणही तयार होतं, आणि ते कारण चूक नव्हतं, हेच माझं दुखणं आहे. तिकडे प्रत्येक जण ही कमजोरी घेतो, म्हणाला. पंधरा गुण कोण सोडेल? आणि खेळ सुरू झाला की विसरतो. आठवण करून दिली तर म्हणतो, घरी फोन करून सांगितलं उशीर होईल म्हणून. जी अडवत नाही ती कमजोरी कसली. मी म्हटलं, हा खेळवणाऱ्याचा दोष आहे, फोन उचलायला माणूस जागेवरून उठू शकत नसेल तर? तो म्हणाला, असं प्रत्येक घरात थोडीच असतं. पुस्तक सगळ्यांसाठी आहे. आणि घर तर सगळ्यांनाच असतं, त्याचे वेगळे गुण कसे द्यायचे?

मी चिडले. म्हटलं, आपली रीत आहे एक. जो ही कमजोरी घेईल त्याने सांगावं कुठे अडला ते. ज्याला सांगता येणार नाही त्याला देऊ नका, पण सांगता येईल त्याचं काऊन कापता? हा नियम टाका पुस्तकात, सगळ्यात आधी हा टाका. त्याने लॅपटॉपवरून हात काढले, खुर्ची माझ्याकडे वळवली. इतका वेळ तो पुण्याचं बोलत होता. आता आमचं बोलला.

"बरं, रीतीनंच जाऊ. सांग तू. मागच्या हप्त्यात कुठी अडली?"

मी मनात एकेक दिवस मोजला. मागच्या आठवड्यात मी सोमवारी लॅबमध्ये गेले होते, मंगळवारी गेले होते. कुठेच अडले नव्हते. घरी कोणी नव्हतंच. नागपूरला जा म्हटलं असतं तर गेले असते, पुण्याला जा म्हटलं असतं तरी गेले असते. आमच्याच रीतीने, जिच्यासाठी मी एवढा आवाज चढवला होता त्याच रीतीने, माझी किंमत शून्य होती. तेव्हा सांगण्यासारखं सगळं होतं आणि तेव्हा पंधरा मिळाल्या होत्या. मधली सगळी वर्षं मागच्या आठवड्यात मोडत नव्हती.

टेलर खालच्या आवाजात म्हणाला, "तिले काऊन विचारून राह्यला बे असं?"

"रीतीचं नाव तिनंच काढलं न आता," तो म्हणाला, आणि मग टेलरच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो विसरला होता. हात जोडलेलं चित्र पाठवणारा तोच होता, आणि विसरला होता. कपटाने विचारलं असतं तर मी त्याला तिथेच चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. विसरलेल्या माणसाचं काय करायचं असतं ते मला माहीत नाही. अजूनही माहीत नाही.

मग त्याने जे केलं ते मला जास्त लागलं. तो म्हणाला, हे बघ, पुस्तकात शून्य राहू दे, पण तुझ्या नायिकेला जुन्या पंधरा असू दे, तुझ्यासाठी. दुकानदार ओळखीच्या गिऱ्हाइकाला सूट देतो त्या सुरात. मी डबा ओढला. नायिका नव्या किमतीत मांडून पाहिली. उडणं महागलं होतं, ऊन उतरलं होतं, सुरुंग ऐकू येणं सतराचं वीस झालं होतं, बेरीज फिरून तीच आली होती, शंभरावर पंधरा. मी पंधरा गुंड्या मोजून डब्यात टाकल्या, आणि त्या भरून काढायला सुरुंग ऐकू येण्याची शक्ती सोडली. सूट नको, म्हटलं. वनरक्षक म्हणाला, जाऊ दे न, खेळच आहे. त्याला हत्ती मिळाले होते.

पुढचा तासभर त्यांनी उरलेल्या किमती लावल्या. मी ऐकत नव्हते. खिडकीतून खालची गल्ली दिसत होती, बाकड्यावर टेलरचे वडील बसले होते. त्यांना आता सुईत दोरा दिसत नाही. ऊन उतरलं. मशिदीत अजान झाली. टेलरने टोपी घेतली, मी पर्स घेतली, आणि जिन्याकडे निघाले. कोणालाच त्यात काही वेगळं वाटलं नाही. टेलर तर नेहमीप्रमाणे म्हणाला सुद्धा, "चाल, तुझा टाइम झाला."

जिन्याच्या वरच्या पायरीवर माझ्या लक्षात आलं. कसला टाइम? कोण बसलंय घरी? आणि तरी मागच्या आठवड्यात मी रोज, अगदी रोज, या वेळी हातातलं टाकून घरी गेले होते. गुरुवारी लॅबमध्ये एकीच्या मुलीचा वाढदिवस होता, केक कापायच्या आधी मी निघून आले होते. घरी जाऊन मेणबत्ती लावली होती, वंदना म्हटली होती, मोठ्याने, आणि मध्ये मध्ये थांबत म्हटली होती, कारण आईला मागून यायला वेळ लागायचा. मी वळले.

"लिहून घे," मी त्याला म्हटलं. "आत्ता अडली मी. मागच्या हप्त्यातई रोज अडली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं, यात शंका नाही. तो मठ्ठ नव्हता कधीच. त्याचा आवाजही मऊ होता.

"ती सवय झाली," तो म्हणाला. "कमजोरी नाही. सवयीचे गुण कसे देणार?"

खेळाच्या दृष्टीने तो बरोबर होता. कमजोरी म्हणजे जिच्यापायी दुसरं कोणी तुम्हाला अडवू शकतं ती. मला कोणीच अडवत नव्हतं. मी खाली उतरले, टेलरच्या वडलांना सलाम केला, आणि घरी गेले. कुठे जाणार होते दुसरीकडे?

पुस्तक दिवाळीच्या आधी आलं. जाड कागद, रंगीत कव्हर, आत चौघांची नावं, माझं तिसरं. भिंतीवरच्या कागदाचा फोटो छोटासा आहे, अक्षरं वाचता येत नाहीत. नायक कसा तयार करायचा ते दाखवायला नमुना म्हणून त्याने माझीच नायिका घेतली आहे, मला न विचारता. मला आनंद होईल असं त्याला वाटलं असावं. धूळ साठ, उडणं तीस, ऊन पाच. उरलेल्या पाचांत त्याने तिला चांगला आवाज दिला आहे. खाली कमजोरी असं लिहून पुढे रेघ ओढली आहे. लोकांना ती फार आवडते म्हणे, पुण्यात बऱ्याच जणांनी तीच घेतली.

शेजारच्या पानावर तिचं चित्र आहे. चित्रकाराने मेहनत घेतली आहे, चिमणी बरोबर काढली आहे. मागे आभाळ तांबडं झालेलं, गावात एकेक दिवा लागलेला, आणि ती गावावरून उडत लांब चालली आहे, घराकडे पाठ करून. दिवेलागणीला ती बाहेर आहे.